मौनी साधूंचं गप्पांचं घर

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातल्या ‘जॉर्ज इन’ या पबचा फोटो सगळे रस्त्यापलीकडून काढतात. काळपट लाकूड, त्यात फिका गिलावा. कॅलेंडरवर शोभेल असं. मला मात्र भिंतीला चिकटून मान वर करून बघायला आवडतं. तळमजला दगडी. त्यावरचा मजला लाकडी सांगाड्याचा आणि भिंतीच्या पुढे आलेला. त्याच्यावरचा आणखी पुढे! खालून बघितलं की वाड्यातलं कडीपाट भिंत फोडून रस्त्यावर डोकावतंय असं वाटतं. यात मिरवणं आहेच, पण तुळईच्या बाहेरच्या टोकावर वरच्या भिंतीचं ओझं पडलं की ती मध्ये कमी लवते, हा सुतारी हिशोबही आहे.

हे घर बांधलं ते शेजारच्या हिंटन मठाच्या कार्थुसियन साधूंनी, 14व्या-15व्या शतकात. गावात लोकरीची जत्रा भरायची. व्यापारी इथे उतरायचे आणि मालाचे गठ्ठे वरच्या मजल्यावर चढायचे. म्हणजे अर्धी धर्मशाळा, अर्धं गोदाम. गंमत अशी की कार्थुसियन म्हणजे एकेकट्या खोलीत राहून मौन पाळणारी मंडळी. त्यांच्या तुळयांखाली आज शनिवारी रात्री शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये मठ बंद पडला. हे घर मात्र टिकलं. टिकणारच, मठ गेला म्हणून लोकांची तहान थोडीच जाते? 1685 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध उठलेल्या ड्यूक ऑफ मॉन्मथच्या बंडखोर फौजेचा मुक्काम गावात पडला, तेव्हा त्याने बिऱ्हाड इथेच टाकलं.

त्याआधी, जून 1668 मध्ये, लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स बायकोला घेऊन गावात येऊन गेला. जेवला तो इथेच, असं गावकरी मानतात. हा माणूस रोजनिशीत बारीकसारीक सगळं टिपणारा. चर्चमधली कबर टिपली, सहा घंटांचा सुरेल नाद टिपला, जेवण फक्कड झालं आणि 10 शिलिंग पडले हेही टिपलं. पुढे आलेल्या त्या मजल्यांबद्दल एक अक्षर नाही. तेव्हाच ते जवळजवळ दोनशे वर्षांचे होते. पण तशी घरं त्याला लंडनमध्ये रोजच दिसत असणार.