आमची वाटचाल: फोटोवरून सुटा भाग शोधताना

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी सुरू झाली, ती कॅटलॉग स्कॅन करून द्यायला. ठाण्यातले आणि रबाळे-महापे पट्ट्यातले सुट्या भागांचे व्यापारी हे आमचं गिऱ्हाईक. माल भरपूर, पण तो नेमका सापडायचा काउंटरवरच्या जुन्या माणसालाच. तो रजेवर गेला की दुकान अडायचं.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. तेलानं माखलेला भाग, खाली एक ओळ: 'असलाच पाहिजे, अर्जंट.' नाव नाही, नंबर नाही. नुसती अक्षरं जुळवणारा शोध इथे हात टेकतो.

जानेवारी 2021 मध्ये ओपनएआयनं क्लिप हे एआय मॉडेल जाहीर केलं आणि आमच्या कामाची दिशाच बदलली. चित्र आणि त्याचा मजकूर अशा 40 कोटी जोड्यांवर ते शिकवलेलं आहे. फोटो असो वा वाक्य, ते त्याची आकड्यांची एक ओळ करतं. अर्थ जवळचा असेल तर ओळीही जवळच्या. आम्ही वापरतो त्या लहान आवृत्तीत एका फोटोचे 512 आकडे होतात, म्हणजे 2 केबी. दहा लाख फोटो जेमतेम 2 जीबीत मावतात. फेसबुकच्या संशोधकांनी 2017 मध्ये खुली केलेली फेस (Faiss) ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, या ओळींचे आधीच गट पाडून ठेवते आणि जवळच्या गटांतच शोधते. अचूकता किंचित घटते, वेळ खूप वाचतो. मजकुरासाठी बहुभाषिक मॉडेल जोडलं, त्यामुळे 'पंपाचं रबरी सील' असं मराठीत लिहिलं तरी चालतं.

पण खरी कसोटी बेअरिंगची. 6204 आणि 6205 या नंबरांची बेअरिंग फोटोत जुळी भावंडं दिसतात. एकाचा आतला व्यास 20 मिमी, दुसऱ्याचा 25. चुकीचं गेलं तर शाफ्टवर बसणार नाही आणि मशीन बंद राहील. मॉडेल कितीही हुशार असो, फोटोत माप नसतं. म्हणून फोटोवरून फक्त प्रकार ठरवायचा, नंबर मात्र अक्षरशः जुळवायचा, आणि नंबर नसेल तर व्हर्नियरचं (बारीक माप घेणाऱ्या पट्टीचं) माप विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, यावर मी ठाम आहे. काही व्यापाऱ्यांना हा जादाचा प्रश्न नको असतो. तो काढून टाकायला मी तयार नाही.

सध्या घासून पुसट झालेल्या नंबरांवर काम चाललंय. रिंगवर '620' एवढंच वाचता आलं आणि फिटरनं आतलं माप 25 सांगितलं, की उत्तर मिळतं: 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना 5 नं गुणलं की आतला व्यास येतो. म्हणजे 6205.