कोट बुलेटप्रूफ, पण जिन्याचं काय

रविवार, रात्र

काल सगळ्यांनी मिळून जॉन विक या हॉलिवूडच्या सिनेमाचा चौथा भाग बघितला आणि आज सकाळपासून घरात त्याच्यावरच चर्चा चालूये, म्हणजे चर्चा कसली, भांडणच. दाजींच्या मते २ तास ४९ मिनिटं पाण्यात गेली. भाच्याच्या मते जगात याच्याइतका भारी ॲक्शन सिनेमा झालाच नाही (वय वर्षं सोळा, जग अजून बघायचंय). ताई म्हणते मधला अर्धा तास उडवला असता तर मस्त होता. आणि आई, जी सुरुवातीलाच "काय ते नुसतं ठो ठो" म्हणून आत निघून गेली होती, ती शेवटी शेवटी बाहेर आली आणि दारात उभ्या उभ्याच बघत राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

दाजींचं म्हणणं स्टोरी कुठाय. आणि त्यात तथ्य नाही असं नाही. २०१४ चा पहिला भाग आठवा, धंदा सोडलेल्या मारेकऱ्याची, म्हणजे जॉनची (कियानू रीव्ह्ज), बायको आजारपणात गेली, जाण्याआधी तिने त्याच्यासाठी कुत्र्याचं पिल्लू पाठवायची सोय करून ठेवली, ते पिल्लू काही टग्यांनी मारलं, वर गाडी पण नेली, बास, माणूस पेटला. १०१ मिनिटांत खेळ खलास. तो का मारतोय हे कुणालाही कळतं, भाषा नाही कळली तरी कळतं. चौथ्यात तो हाय टेबल (गुन्हेगारांचं वरचं मंडळ), तो मार्की (त्या मंडळाचा माणूस, जॉनच्या मागे लागलेला), ती सोन्याची नाणी, ते शपथेचे रक्ताचे अंगठे, नियमांवर नियम. मी म्हटलं, दाजी तुम्ही दुसरा आणि तिसरा बघितलाच नाहीत ना, म्हणून. तर म्हणे, "मग हा सिनेमा आहे का अभ्यासक्रम?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं खरं तर.

बर्लिनच्या क्लबवाल्या सीनला तर ते उठूनच उभे राहिले. वरून पाणी कोसळतंय, खाली कुऱ्हाडी चालल्यात, आणि आजूबाजूची पब्लिक आपली नाचतीये. "अरे पळा की!" दाजी टीव्हीला सांगतायत. भाचा म्हणाला बाबा ते तसंच असतं या सिनेमात, तिथे कुणी पळत नाही. तसंच असतं हे दाजींना पटणं शक्य नाही, ते ऑडिटमधले आहेत.

ताईचं बघणं वेगळंच. ती इंटिरियरची कामं घेते त्यामुळे तिला माणसं कमी आणि भिंती जास्त दिसतात. ओसाकाच्या हॉटेलातली मारामारी, काचेची कपाटं, लाल-निळे दिवे, यात कुणी किती पाडले ते तिला सांगता येणार नाही पण दिवा कुठे लपवलाय ते सांगेल. दुसऱ्या भागापासून कॅमेरा डॅन लाउस्टसेनचा आहे आणि त्याचं नाव माहीत नसूनही ताईने बरोबर पकडलं की पहिला भाग राखाडी होता आणि नंतर सगळं निऑन झालं. तिला ते आवडतं. फक्त बर्लिन तिला लांबलं. मलाही लांबलं, तो सोन्याच्या दातवाला माणूस पत्ते खेळत बोलतच बसतो.

भाच्याचा जीव मात्र पॅरिसमधल्या त्या वरून घेतलेल्या शॉटवर. कॅमेरा उचलला जातो, थेट छताच्या वर, आणि खाली सगळ्या खोल्या नकाशासारख्या उघड्या, जॉन एका खोलीतून दुसरीत, हातात ती आग ओकणारी शॉटगन, आणि कट नाहीच, चालूच. हा बघताक्षणी ओरडला "हा गेम आहे!" आणि खरंच दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्कीने सांगितलंय की कल्पना एका व्हिडिओ गेमवरून आली, द हाँगकाँग मॅसॅकर. मी हे सांगितल्यावर तो जो फुगलाय तो अजून तसाच आहे. ताईला तोच शॉट फ्लॅटचा प्लॅन बघितल्यासारखा वाटला, म्हणे स्वयंपाकघराला खिडकी नाही.

दुपारी मित्राचा फोन, तो ज्युडो शिकवतो. त्याची तक्रार अशी की कियानू आता स्लो झालाय, आणि समोरचे गुंड आपापला नंबर यायची वाट बघत उभे असतात. ही तक्रार खूप जण करतात. पण मला वाटतं हे आपल्याला दिसतं कारण ते दिसू दिलंय. शूटिंग २०२१ चं, तेव्हा हा माणूस साठीकडे झुकलेला. दुसऱ्या कुणी कॅमेरा हलवून हलवून, सेकंदाला एक कट मारून सगळं झाकलं असतं. स्टाहेल्स्की मुळात स्टंटमॅन, मेट्रिक्समध्ये (१९९९) कियानूचाच डबल होता, तो कॅमेरा लांब ठेवतो आणि आख्खा माणूस दाखवतो, डोक्यापासून बुटापर्यंत. मग दमलेला दिसला तर दिसला. मित्र म्हणाला ते ठीक आहे पण त्याचे थ्रो मात्र खरे असतात, पाय कुठे ठेवतो बघ. म्हणजे शिव्या घालत घालत पाय बघून झालेच होते की! (बरं, स्टंटला ऑस्करमध्ये जागाच नव्हती इतकी वर्षं. २०२५ मध्ये कॅटेगरी जाहीर झाली, ती पण २०२७ च्या सिनेमांपासून लागू. वेशभूषेला बक्षीस मिळतं आणि जो ती वेशभूषा घालून जिन्यावरून पडतो त्याला काही नाही.)

मला स्वतःला खटकतो तो कोट. दुसऱ्या भागात, २०१७ च्या, रोममधला शिंपी त्याला सूट शिवून देतो, आत असं अस्तर की गोळी आत जात नाही, फक्त दुखतं. तेव्हा भारी वाटलं होतं. पण चौथ्यापर्यंत तो कोट याच्याकडेच काय, समोरच्यांकडेही आहे, आणि गोळीबार सुरू झाला की सगळे कोटाचं टोक वर करून तोंड झाकतात. ताई म्हणाली सासरे आल्यावर पदर घेतात तसं. आता हसू येतं हे एक, पण खरा प्रॉब्लेम असा की गोळीची किंमत गेली. पहिल्या भागात पोटात एकदा भोसकलं तर उरलेला सिनेमाभर तो लंगडत होता आणि आपण टाइट बसलो होतो. इथे दहा लागल्या काय आणि शंभर लागल्या काय. दाजी जे स्टोरी नाही म्हणतायत ना, माझ्या मते त्यांना हेच टोचतंय, शब्द तेवढा वेगळा वापरतायत. मार लागत नसेल तर गोष्ट पुढे सरकलीये हे कशावरून कळायचं.

आणि म्हणून तो जिना. पॅरिसचा, साक्रे-कर चर्चकडे वर जाणारा, २२२ पायऱ्या. वर मार्कीशी द्वंद्व ठरलंय, सूर्योदयाच्या आत पोचायचंय, पायरीपायरीवर माणसं. कसाबसा जवळजवळ वर पोचतो आणि तिथून लाथ बसते. आणि पडतो. पडतच राहतो. एका टप्प्यावर थांबेल असं वाटतं, नाही, परत पुढे, थेट खालपर्यंत. आमच्याकडे भाचा आणि ताई हसत होते, दाजी "अरे अरे अरे" करत होते, आणि दारातून आईचा आवाज आला "आता परत चढायचं?" तिला मागचं काहीच माहीत नाही, हाय टेबल नाही, कुत्रा नाही, पण एवढं तिला एका सेकंदात कळलं. कारण पायऱ्यांना कोट चालत नाही. बुलेटप्रूफ अस्तर गुडघ्याला काय करणार. अडीच तासात पहिल्यांदा त्याला काहीतरी खरंच लागलं, आणि ते पडणं एका फ्रेंच स्टंटमॅनने सगळं स्वतः पडून केलंय.

मला विचारलं तर बर्लिन कापा, ओसाका थोडं कापा, जिन्याची एकही पायरी कापू नका. ताईला हे मान्य आहे, भाच्याला कशालाच कात्री लावायची नाहीये.

रात्री जेवताना आईने विचारलं, तो आंधळा माणूस (डॉनी येन) जॉनचा शत्रू होता ना, मग त्याला वर चढायला मदत का करत होता. मी तोंड उघडायच्या आत दाजी सुरू. की ते दोघं जुने मित्र, पण त्या आंधळ्याच्या मुलीच्या जिवाला धोका आहे, म्हणून त्याला जॉनला मारायचं काम करावंच लागतं, आणि जॉन वेळेत वर पोचलाच नाही तर द्वंद्वच होणार नाही, मग त्याची सुटका कशी होणार, आणि हे सगळं त्या मार्कीने कसं जुळवून आणलं. सगळं नियमांसकट, नावांसकट. दहा मिनिटं. आई म्हणाली, "मग आहे की गोष्ट." दाजी म्हणे गोष्ट आहे, सांगता येत नाही त्यांना. भाचा लगेच, बाबा मग दुसरा भाग लावू का आत्ता? आत्ता नको, उद्या ऑफिस आहे, शनिवारी बघू असं ठरलंय.