पाहुणा चोवीस महिन्यांचा

सोमवार

आज पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे, बाजार, केस कापणं, घरच्यांशी बोलणं, सगळं याच दिवशी. लॅटर-डे सेंट्स चर्चच्या (लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात) मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, परक्या देशात येणारी मुलं-मुली जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची असतात. मुलगे २४ महिने राहतात, मुली १८ महिने. तेवढा काळ रोज चालायचं, सायकल मारायची आणि अनोळखी माणसांच्या दारात नीटनेटकं उभं राहायचं, त्यामुळे कपडे-बूट ही किरकोळ बाब राहत नाही.

पांढऱ्या शर्टाची कॉलर त्याच रात्री साबण लावून चोळावी. सोमवारपर्यंत तशीच ठेवली तर घामाचा डाग पिवळा पडतो आणि मग जात नाही. बुटांचे दोन जोड हवेत आणि ते आलटून पालटून घालायचे, कारण आत मुरलेला घाम वाळायला कातड्याला पूर्ण एक दिवस लागतो. रोज तोच जोड घातला की आधी शिवण सडते, मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, आणि पंधरा दिवसांत मुलगा लंगडायला लागतो. नवीन बूट घेताना दुकानात संध्याकाळी जावं. दिवसभर चालून पाय सुजलेले असतात, तेव्हाचं माप खरं.

महिन्याचा भत्ता कार्डावर एकदम जमा होतो आणि चूक तिथेच होते. पहिल्या दहा दिवसांत पैसे उडतात आणि शेवटचा आठवडा नूडल्सवर निघतो. पैसे आले की घरातला किराणा, साबण आणि प्रवास यांची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्याचे आठवड्याप्रमाणे भाग करावेत. महिन्यात पाच सोमवारही येतात, हे बरेच जण विसरतात.

घरी फोन आता दर आठवड्याला करता येतो. फेब्रुवारी २०१९ पर्यंत तो वर्षातून दोनदाच होता, नाताळला आणि मदर्स डेला. बदल चांगलाच झाला. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत फोन ठेवल्यावर मन फार जड होतं, म्हणून फोननंतर लगेच हाताला काम हवं. बाजारहाट फोननंतर ठेवलेला बरा. एकटं खोलीत बसू देऊ नये.

मंगळवार

साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद. उठल्यावर अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ-न्याहारी, मग अभ्यास: एकट्याचा, जोडीदाराबरोबरचा आणि भाषेचा. दिवसाचं नियोजन पूर्वी रात्री व्हायचं, २०१७ पासून ते सकाळी आलं. ताज्या डोक्याने केलेलं नियोजन जास्त टिकतं. स्थानिक दिनक्रम वेगळा असेल तर मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख, वेळा पुढेमागे करून देतात. ते मागून घ्यावं. जिथे दुपारी सगळं गाव झोपतं तिथे दुपारी दोनला दारं वाजवण्यात काहीच हशील नाही.

जोडीदार दिला जातो, निवडता येत नाही. दोघांनी सतत एकमेकांना दिसेल, ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं. नवख्याला पहिले बारा आठवडे शिकवायला एक अनुभवी जोडीदार मिळतो. त्यानंतर दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरची, म्हणजे गाव किंवा जोडीदार बदलण्याची, शक्यता. दोघांची भांडणं धर्मावरून क्वचितच होतात. ती होतात भांड्यांवरून, गजरावरून आणि चालण्याच्या वेगावरून. एक जण भराभर पुढे जातो, दुसरा मागे फरपटतो, आणि संध्याकाळपर्यंत दोघं गप्प. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांना विचारायची पद्धत आहे: माझं काय चांगलं चाललंय, काय खटकतंय. ही बैठक टाळली की तक्रारी साठत जातात आणि मग एका घाणेरड्या कढईवरून सगळ्या बाहेर पडतात. बैठकीत एकच खटकणारी गोष्ट सांगावी, पाच नाही. आणि ती सांगण्याआधी दुसऱ्याचं आठवड्यातलं एखादं खरं चांगलं काम नाव घेऊन सांगावं.

बुधवार

भाषेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळं तिच्यावर उभं आहे.

ट्रेनिंग सेंटरमध्ये भाषेनुसार साधारण सहा ते नऊ आठवडे मिळतात. तिथे प्रार्थना आणि साक्ष देणं आधी शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की मुलगा पुनरुत्थानावर चार वाक्यं नीट बोलतो आणि नळ गळतोय हे घरमालकाला सांगू शकत नाही. लोकांशी ओळख नळाच्या, पावसाच्या, गुडघेदुखीच्या गोष्टींतून होते. म्हणून पहिल्या महिन्यात धर्माचे शब्द वाढवू नयेत, घरातले वाढवावेत. भांडी, भाजी, नातेवाईक, आजार, हवामान, रस्ता. दाराबाहेर पाऊल टाकलं की जोडीदाराशीही त्याच भाषेत बोलायचं, कितीही तुटकं वाटलं तरी.

सगळ्यात महागात पडणारी चूक व्याकरणाची नसते, आकड्यांची असते. ‘साडेचार’ ऐकलं आणि साडेपाचला पोहोचलं, की ज्या बाईने घर आवरून, मुलांना बसवून वाट पाहिली तिचा विश्वास गेला. क्रियापदाचा काळ चुकला तर लोक हसून सोडून देतात. वेळ चुकली तर नाही. म्हणून वेळ, वार आणि घर क्रमांक नेहमी परत म्हणून दाखवायचे आणि त्यांच्यासमोर वहीत लिहून वाचायला द्यायचे. आकडे ऐकण्याचा सराव वेगळा करावा: जोडीदाराने वेगाने फोन नंबर म्हणायचे, आपण लिहायचे, रोज दहा मिनिटं.

रात्री झोपण्याआधी दिवसातल्या दोनच चुका लिहायच्या आणि त्यांची बरोबर वाक्यं सकाळी मोठ्याने म्हणायची. वीस चुका लिहिणारा तिसऱ्या दिवशी वही बंद करतो. धर्मग्रंथ त्या भाषेत मोठ्याने वाचावा, एखाद्या आजीला समोर बसवून मिळालं तर उत्तमच, कारण आजी आणि लहान मुलं चूक लगेच सुधारतात. मध्यमवयीन माणसं सभ्यपणाने गप्प राहतात, आणि त्यांच्या गप्प राहण्याला आपण ‘समजलं’ असं धरतो. समजलं का, असं विचारलं की जगात सगळीकडे उत्तर ‘हो’ येतं. त्याऐवजी, हे तुम्ही घरी कुणाला कसं सांगाल, असं विचारावं.

धीराच्या बाबतीत मला अडोनिरम जडसन आठवतो. अमेरिकन मिशनरी, पण वेगळ्या पंथाचा, बाप्टिस्ट. चोविसाव्या वर्षी, जुलै १८१३ मध्ये रंगूनला उतरला. पहिला बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून धर्मात घेण्याचा विधी) झाला जून १८१९ मध्ये. मधली सहा वर्षं त्याने मुख्यतः बर्मी भाषेला दिली, आणि संपूर्ण बायबलचा अनुवाद हातावेगळा झाला १८३४ मध्ये. दोन वर्षांसाठी आलेल्या मुलाला तेवढा काळ नाही हे खरं. पण सहाव्या आठवड्यात ‘मला भाषा येत नाही’ म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाला या तारखा सांगाव्यात असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार

पाणी. उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळत ठेवायचं, दोन हजार मीटरच्या वरच्या गावी तीन मिनिटं. फिल्टर असेल तर त्याची कांडी वेळेवर बदलावी. जोडीदार बदलत राहतात आणि ती शेवटी कधी बदलली हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तारीख फिल्टरवरच चिकटवावी. जुलाब सुरू झाले की एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, अंदाजाने टाकू नये. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, शौचातून रक्त पडलं किंवा लघवी होईनाशी झाली तर थांबायचं नाही. मुलं आजार लपवतात, काम बुडेल या भीतीने. जोडीदाराने मिशन प्रेसिडेंटला फोन करणं ही चहाडी नाही.

शुक्रवार

दारावरचं बोलणं. दार उघडल्यावर एक पाऊल मागे सरकावं. दोन उंच परके तरुण अगदी उंबऱ्याला चिकटून उभे असले की आतलं माणूस घाबरतं. आपण कोण, कुठून, कशासाठी आलोय हे पहिल्या वाक्यात सांगायचं, आडवळण नको. नको म्हणाले तर आभार मानून निघायचं. त्या दारावर पुन्हा जायचं नाही आणि तशी नोंद करायची, म्हणजे पुढची जोडीही जाणार नाही. दार वाजवण्यापेक्षा सभासदांच्या ओळखीतून झालेल्या भेटी कितीतरी जास्त टिकतात. तिथे आपल्यानंतरही जवळचं माणूस राहणार असतं.

पाठ एकच असला तरी तो तीन ते पाच मिनिटांत, दहा ते पंधरा मिनिटांत आणि पाऊण तासात असा तीन मापांत सांगता यायला हवा. बाई चुलीवर काहीतरी ठेवून आली असेल तर पाच मिनिटांचाच सांगायचा. पाऊण तासाच्या पाठातही अर्धा वेळ समोरच्याचा. घरात बाई एकटी असेल तर दोन एल्डर (मिशनवरच्या मुलांना असंच म्हणतात) आत जात नाहीत. आणखी एखादं प्रौढ माणूस सोबत हवं, नाहीतर भेट चर्चमध्ये ठेवावी.

चहा-कॉफी या चर्चमध्ये वर्ज्य, आणि अर्ध्या जगात पाहुण्याला पहिलं तेच देतात. कप समोर आल्यावर नाही म्हटलं की यजमानाचा अपमान होतो. बसता बसताच, ‘थोडं पाणी मिळेल का, चालून आलोय’ असं आपणच मागावं. देण्याची त्यांची इच्छा पुरी होते आणि कप येतच नाही. तरीही आलाच तर कारण एका वाक्यात सांगावं आणि घरातलं दुसरं काहीही आनंदाने घ्यावं.

कायदा आधी माहीत हवा. ग्रीसच्या संविधानाच्या १३ व्या कलमात धर्मांतरासाठीच्या प्रचाराला मनाई आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी आहे. रशियाने २०१६ मध्ये धर्मप्रचारावर कडक बंधनं घातली, तेव्हा तिथली या चर्चची तरुण मुलं स्वयंसेवक म्हणून राहू लागली. परक्या देशात नियम मोडला तर आपण फार तर विमानात बसवले जातो. चौकशी होते ती ज्यांच्या घरी आपण बसलो होतो त्यांची. मला हे सगळ्यात जास्त गंभीर वाटतं, आणि नव्या मुलांना ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं पाहिजे.

शनिवार

बाप्तिस्म्याची घाई करू नये. ज्याला घ्यायचा आहे तो आधी काही रविवार चर्चला आलेला असावा, दारू-तंबाखू सुटलेली असावी. विवाहित असेल तर नवऱ्याची किंवा बायकोची संमती हवी, अल्पवयीन असेल तर पालकांची. मुलाखत शिकवणारी जोडी घेत नाही, डिस्ट्रिक्ट किंवा झोन लीडर, म्हणजे आसपासच्या काही जोड्यांवर नेमलेला मिशनरी, घेतो. महिन्याचा आकडा भरण्यासाठी तारीख पुढे ओढली तर दोन महिन्यांनी ते माणूस चर्चला दिसत नाही, आणि शेजारी-नातेवाइकांत त्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं.

प्रत्यक्ष दिवशी कुंड भरायला काही तास लागतात, म्हणून दुपारच्या विधीसाठी पाणी सकाळीच सोडावं आणि कुणीतरी तिथेच बसून राहावं. भरलेलं कुंड उघडं आणि एकटं कधीही सोडायचं नाही, मुलं पडतात. विधी संपला की लगेच रिकामं करायचं. पाणी कमरेपर्यंत हवं. कमी असेल तर माणूस पूर्ण बुडत नाही, आणि केस किंवा पायाचा अंगठा वर राहिला तरी विधी पुन्हा करावा लागतो. दोन साक्षीदार तेवढ्यासाठीच उभे असतात. पांढरं कापड जाड हवं, ओलं झाल्यावर आरपार दिसू नये. बायकांच्या झग्याचा घेर पाण्यावर तरंगतो, म्हणून काठात वजन शिवलेलं बरं.

डाव्या हाताने समोरच्याचं उजवं मनगट धरायचं, त्याने डाव्या हाताने आपलं डावं मनगट धरायचं. आपला उजवा हात काटकोनात वर, पूर्ण नाव, प्रार्थनेचे ठरलेले शब्द. मग त्याने उजव्या हाताने नाक दाबायचं, आपला उजवा हात त्याच्या पाठीवर वरच्या बाजूला, आणि त्याने गुडघे वाकवायचे. गुडघे ताठ ठेवले की पाय वर येतात. हे सगळं कोरड्या जागी दोनदा करून पाहावं. नाव मात्र दहादा म्हणून पाहावं. आयुष्यातल्या अशा क्षणी परक्याने आपलं नाव चुकवलं तर माणसाला लागतं.

रविवार रात्र

ट्रान्सफरचा निरोप आला की एरिया बुक, म्हणजे त्या भागातल्या लोकांच्या नोंदींची वही, पूर्ण करायचं. आता ते फोनवरच्या अॅपमध्ये असतं, पण कुणी लिहिलं तरच उपयोग. ‘चांगले लोक, शिकवणं चालू’ अशा नोंदीने पुढच्या जोडीला काही कळत नाही. लिहायचं ते असं: लोक त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात, बस कुठे सोडायची आणि कुठल्या खुणेला वळायचं, घरी कधी असतात, कुत्रा बांधलेला असतो का, कोण आजारी आहे, कशासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं, कोणता विषय काढायचा नाही, आणि आपण काय कबूल केलं होतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. म्हाताऱ्या माणसाला ‘बुधवारी येऊन छप्पर बघतो’ म्हटलं असेल तर बुधवारी कुणीतरी गेलं पाहिजे.

शक्य तिथे नव्या एल्डरला किंवा त्याच चर्चमधल्या शेजाऱ्याला स्वतः घेऊन जाऊन ओळख करून द्यावी. पत्र लिहीन, परत येईन, असं सरसकट सगळ्यांना म्हणू नये. ज्यांना खरंच लिहिणार त्यांनाच सांगावं. बॅग भरायला दोन तास पुरतात, या भेटींना दोन दिवस लागतात, म्हणून निरोप आला की आधी भेटींची यादी करायची आणि दूरच्या घरापासून सुरुवात करायची.