तुम्ही विचारलंत म्हणून: नेमके किती गेले?

'डॉक्टर, आता तरी खरं सांगा, कोविडमध्ये नेमकी किती माणसं गेली? आकडे दाबले ना?' वॉर्डात मृत्यूचे दाखले मी भरत होतो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो.

दाबलेही असतील. मी कुणाचं वकीलपत्र घेतलेलं नाही. पण दाबायलाही आधी आकडा लागतो, आणि तो तयार होतो दाखल्यावरच्या दोन-तीन ओळींतून. वर तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. मोजणीत धरतात ते हे शेवटचं.

एका रात्री साठीच्या एक बाई गेल्या. दोन्ही टेस्ट निगेटिव्ह, पण सीटी स्कॅन बघून कुणालाच शंका नव्हती. मी वर 'श्वसनक्रिया निकामी' लिहिलं, खाली 'न्यूमोनिया'. पुढची ओळ कोरी सोडली. पहाटेचे चार वाजले होते, अजून तीन दाखले बाकी होते. (हे कारण नाही, मला माहीत आहे.)

महिन्याभराने त्यांची मुलगी दाखला घेऊन आली. 'यात कोविड कुठेच नाही.' मी निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला. ती शांतपणे म्हणाली, 'मग आईला पिशवीत का गुंडाळलंत? मला तिचा चेहरा का बघू दिला नाहीत?'

मी काहीतरी नियम सांगितले. काय सांगितले, आठवत नाही.

पुरावा नाही ते लिहायचं नाही, असं तेव्हा मला वाटायचं. अरे, पण चाचणीत न सापडलेल्या, लक्षणांवरून ओळखलेल्या कोविडसाठी जागतिक आरोग्य संघटनेने वेगळा कोड दिलाच होता, यू०७.२! यावर तेव्हाचा मी म्हणतो, संशयावर लिहीत सुटलो असतो तर आज हेच लोक म्हणाले असते, आकडे फुगवले. त्याचंही अगदीच चूक नाही.

व्याख्या बदलली की आकडा बदलतो. इंग्लंडने ऑगस्ट २०२० मध्ये 'पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांत' अशी अट घातली आणि एकूण मृत्यू एका दिवसात पाच हजारांहून अधिक कमी झाले. पेरूने २०२१ मध्ये फेरमोजणी केली, तर सुमारे ६९ हजारांचे १ लाख ८० हजार झाले.

म्हणून मग कारण बाजूला ठेवून नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते मोजतात. त्या हिशेबाने २०२०-२१ मध्ये जगात सुमारे १ कोटी ४९ लाख. कोविड म्हणून नोंदले गेलेले साधारण ५४ लाख. त्या १ कोटी ४९ लाखांत डायलिसिस न मिळाल्याने गेलेलेही येतात, आणि टळलेले अपघात वजा होतात. जिथे मृत्यूची नोंदच धड होत नाही, तिथे तर नुसता अंदाज.

त्या मोठ्या आकड्यात त्या बाईही असतील. दाखल्यावरची ओळ मात्र कोरीच आहे. मुलीने जाताना ती दुरुस्त करून मागितली होती. मी 'बघतो' म्हणालो होतो.