चौथीच्या वर्गात ‘भीमायन’

७ नोव्हेंबरला आपल्याकडे विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आमची जिल्हा परिषदेची शाळा साताऱ्याचीच, त्यामुळे हा दिवस कधी चुकत नाही. फोटोला हार, आईवडिलांनी पाठ करून घेतलेली भाषणं, खाऊ, संपलं. यंदा मला चौथीला चित्रं दाखवून ही गोष्ट सांगायची होती.

पुस्तक होतं ‘भीमायन’, म्हणजे बाबासाहेबांच्या आयुष्याची चित्रांतून सांगितलेली गोष्ट. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी चितारलेलं, २०११ साली आलेलं. माझ्याकडची प्रत इंग्रजी. ते पथ्यावरच पडलं, कारण मुलांचं लक्ष अक्षरांकडे गेलंच नाही. अख्खं पुस्तक चौथीला झेपणारं नाही, म्हणून भिवाला शाळेत पाणी मिळत नाही तो भाग आणि मसूरचा प्रवास एवढंच घेतलं. एका पुस्तकाभोवती अख्खा वर्ग बसू शकत नाही, तेव्हा पानांचे फोटो शाळेच्या टीव्हीवर लावले. दिवे गेले तर काय, म्हणून पुस्तक हाताशी होतंच.

आधी गोष्ट सांगितलीच नाही. नुसतं बघा म्हटलं. या पुस्तकात चौकटी नाहीत, पानोपानी पशुपक्षी आहेत आणि बोलण्याचे फुगे दोन तऱ्हांचे आहेत. एक मुलगी टीव्हीपाशी जाऊन एका फुग्यावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, ह्याला नांगी आहे.” मग सगळ्यांनाच नाद लागला. टोचणारं बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी, साधं-सरळ बोलणाऱ्यांचा फुगा पक्ष्यासारखा. एक अक्षर न वाचता कोण कुणाला काय बोलत असेल, हे पोरांनी निम्मंअधिक ओळखलं. शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरांनी हे कधी झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग गोष्ट. १९०१ च्या सुमाराची, म्हणजे भिवा साधारण यांच्याच वयाचा. वडील दुष्काळी कामावर खजिनदार. त्यांनी सुट्टीत बोलावलं म्हणून भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून आगगाडीनं निघाली. मसूरला उतरली, तर न्यायला कुणीच नाही. (“माझ्या मामाचं गाव!” दोघांनी एकदम हात वर केले.) स्टेशनमास्तरनं जात विचारली, कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला बाजूनं चालणार. जवळ जेवण होतं, पाणी मात्र कुणी देईना.

“जेवण असून जेवले नाहीत?” हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पाण्याशिवाय घास कसा उतरणार, हे दुसऱ्याच मुलानं त्याला समजावलं.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यातला उतारा मी मराठीत करून नेला होता. फळ्यावर दोन रकाने आखले, ‘बाबासाहेबांनी लिहिलेलं’ आणि ‘चित्रकारानं घातलेलं’. नवे कपडे, गाडीवाला, दुप्पट भाडं पहिल्यात गेलं. नांगी दुसऱ्यात. प्राण्यांवरून वाद झाला. “गावात प्राणी असणारच की, लिहिलं नसलं तरी!” मी तो वाद मिटवला नाही. इतिहास शिकवताना एवढं भांडण वर्गात व्हायलाच हवं.

नाटक बसवा, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं. मी साफ नाही म्हटलं. स्टेशनमास्तर कोण होणार आणि भिवा कोण, हे गावातल्या वर्गात साधं नसतं. कुठल्याही मुलाला ‘तुमच्या घरी काय सांगतात’ असंही विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. एकानं आपणहून सांगितलं, “आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे.” मागून आवाज आला, “शाळेत पण आहे.” तेवढ्यावर गाडी पुढे गेली.

नंतर स्वतःचे फुगे काढायला लावले. एकीनं मलाच काढलं: “गृहपाठ कुठाय?” आणि खाली ही भलीमोठी नांगी.

खरी कसोटी पुढे होती. या पुस्तकात मधेमधे जातीय अत्याचारांच्या बातम्या आहेत. त्या मी टीव्हीवर घेतल्याच नव्हत्या. पण पुस्तक हातोहात फिरताना एकानं ती पानं उघडली. इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. “मॅडम, हे साल तर दोन हजारच्या पुढचं आहे.” मग लगेच, “तुम्ही तर म्हणालात, संविधानानं अस्पृश्यता बंद केली.”

आमची मुलं परिपाठात रोज उद्देशिका म्हणतात, ‘दर्जाची व संधीची समानता’ त्यांना पाठ आहे. मी सांगितलं, कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, ती पाळणं हा गुन्हा ठरला. चोरी हाही गुन्हाच आहे, तरी चोऱ्या होतात. फरक एवढाच की आता तक्रार करता येते, भिवाला ती सोय नव्हती. “मग पोलीस पकडतात?” कधी पकडतात, कधी नाही, म्हटलं. त्याला उत्तर पटलं नसावं, कारण मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन तो पुन्हा माझ्या टेबलाशी उभा होता, बातमीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणत. मोठी बातमी टाळली. एक छोटी, पाण्यावरून झालेल्या भांडणाची, जमेल तेवढी सांगितली.