येहुदी मेन्युहिन : स्वतःच्या दुखण्यातून दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत

इंग्लंडमधील सरे परगण्यात राहणाऱ्या आम्हा संगीतप्रेमींना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांचे नाव सतत भेटत राहते, कारण त्यांनी १९६३ साली स्थापन केलेली संगीतशाळा याच परगण्यातील स्टोक डॅबरनॉन या खेड्यात आहे आणि त्याच आवारात त्यांची समाधीही आहे. संगीताने माणूस बरा होतो असे आपण फार सहज म्हणतो. मेन्युहिन यांचे चरित्र वाचल्यावर मात्र ‘बरे होणे’ म्हणजे नेमके काय, याचा मला नव्याने विचार करावा लागला.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा अकराव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हेनचा कन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या वादकाने वाजवायची रचना, वाजवून जगभर गाजला आणि सोळाव्या वर्षी इंग्रज संगीतकार एल्गार यांच्याच संचालनाखाली त्यांच्या कन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण करून बसला. या कौतुकाच्या हकिगती सर्वत्र वाचायला मिळतात, म्हणून त्या इथेच सोडतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले आणि जुलै १९४५ मध्ये, नाझींच्या बेर्गेन-बेल्सन छळछावणीची सुटका होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, ते तिथे वाचलेल्या माणसांसमोर वाजवायला गेले. पियानोच्या साथीला इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन होते. आउशवित्झ या नाझी छळछावणीतील स्त्रियांच्या वाद्यवृंदात चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले मोठे वाद्य वाजवत असल्यामुळे जिवंत राहिलेली अनिता लास्कर ही नुकतीच वीस वर्षांची झालेली मुलगी श्रोत्यांमध्ये होती. त्या कार्यक्रमाविषयी तिने नंतर जे लिहिले, त्यात ज्याचे नावही तिला तेव्हा ठाऊक नव्हते त्या साथीदाराच्या वादनाचे मनापासून कौतुक आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. जिचे आईवडील मारले गेले होते आणि जिला स्वतःला मरणाच्या दारातून परतावे लागले होते, ती मुलगी पियानोची साथ कशी झाली हे एखाद्या जाणकार वादकाच्या कानाने ऐकत होती. ती पुढे इंग्लंडमध्ये आली आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापक सदस्यांपैकी एक झाली.

युद्ध संपले तेव्हा खुद्द मेन्युहिन यांचे शरीर थकलेले होते. लहानपणी सारे काही उपजत जमत गेल्यामुळे आपला गज कसा चालतो, खांदा आणि मनगट कुठे ताठरते, याचा त्यांनी मुळापासून विचारच केलेला नव्हता, आणि आता हात ऐकेनासा झाला होता. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. मुंबईत त्यांची गाठ पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. भेटीसाठी पाचच मिनिटे ठरली होती, पण गुरुजींनी त्यांना शवासनात झोपवले आणि अनेक दिवस विश्रांती न मिळालेला तो वादक गाढ झोपी गेला, अशी हकिगत सांगितली जाते. पुढे मेन्युहिन यांनी गुरुजींना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले, आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा उल्लेख कोरलेले घड्याळ त्यांना भेट दिले आणि १९६६ साली निघालेल्या त्यांच्या योगावरील ग्रंथाला प्रस्तावनाही लिहिली. ज्यांनी हातात कधी व्हायोलिन धरले नाही, त्यांना जगातल्या अग्रगण्य वादकाने व्हायोलिनचे गुरू मानावे, याचा पुणेकरांनी अभिमान बाळगायलाच हवा!

स्वतःचे दुखणे असे जवळून ओळखलेल्या या माणसाने १९७७ साली ‘लाइव्ह म्युझिक नाउ’ ही संस्था उभी केली, यात मला सरळ संगती दिसते. जे सभागृहापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे, म्हणजे रुग्णालयांत, वृद्धांच्या निवासांत आणि विशेष मुलांच्या शाळांत, ही संस्था तरुण कलाकारांना पाठवते. त्यांना त्यासाठी प्रशिक्षण दिले जाते आणि मानधनही मिळते, कारण हे दानधर्माचे नव्हे तर कसबाचे काम आहे.

हे कसब मी जवळून पाहिले आहे. आमच्या भागातील एका वृद्धनिवासात मी स्वयंसेवक म्हणून जातो आणि तिथे अधूनमधून एक तरुण व्हायोलिनवादक येते. ती एका जागी उभी राहत नाही. प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन, बसलेल्याच्या नजरेच्या पातळीवर येईल इतकी वाकून ती दोन-तीन मिनिटांची रचना वाजवते आणि समोरच्याच्या श्वासाची लय पाहून गजाची गती कमी करते. स्मृतिभ्रंशामुळे मुलीचे नावही न आठवणाऱ्या एका आजींनी एकदा जुन्या नृत्यसंगीताची पुढची ओळ तिच्याआधीच गुणगुणली. त्यांचा आजार त्यामुळे हटला नाही आणि तो हटेल असे तिथे कोणी म्हणतही नाही. दुपारभर अस्वस्थ असणाऱ्या आजी वादनानंतर शांतपणे टेबलाशी बसतात आणि दोन घास जास्त खातात, असे तिथल्या परिचारिकांच्या लक्षात आले आहे. म्हणून आता व्हायोलिनची वेळ त्यांनी मुद्दाम रात्रीच्या जेवणाच्या आधीची ठेवली आहे.