सरसाशिवाय बाकडं

पडवीत ठेवायला सागाचं बाकडं करायचं ठरलं, तेव्हाच सरस आणि स्क्रू दोन्ही वगळले. सिंधुदुर्गात उघड्या पडवीतलं लाकूड पावसाळाभर फुगतं आणि दिवाळीनंतर आकसतं. साधा पांढरा सरस अशा ओलीत मऊ पडतो. वॉटरप्रूफ मिळतो, पण सांधा एकदा हलला की जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा धरत नाही. लोखंडाला गंज चढतो, वर सागावर काळे डाग. आमच्या जुन्या दारांच्या चौकटी मात्र अजून लाकडी मेखांवर उभ्या आहेत. म्हटलं, तसंच करू.

पायाला खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ, म्हणजे कूस, आणि दोन्हींतून आरपार एक मेख, हे वरवर ठाऊक होतं. खरी गोम गावातल्या मेस्त्रींनी सांगितली. "भोकां समोरासमोर मारलंस तर मेख नुसती बसतली, वढूची नाय." म्हणजे कुसातलं भोक पायातल्या भोकाच्या अगदी रेषेत घ्यायचं नाही, खांद्याकडे, म्हणजे कूस पट्टीतून जिथे सुरू होतं त्या पायरीकडे, किंचित सरकवायचं. मेख आत शिरताना वाकते आणि कुसाला खाचेत खोल ओढते. क्लॅम्पचं काम तीच करते, आणि पुढेही करत राहते.

किती सरकवायचं, हा पुढचा प्रश्न. सागासारख्या लाकडाला मी 1.5 मिमी धरलं. मऊ लाकडाला थोडं जास्त चालतं. हाव केली तर मेख मोडते, नाहीतर भोकापासून कुसाच्या टोकापर्यंतचं लाकूड फाटतं, कारण सगळा जोर त्याच तुकड्यावर येतो. म्हणून कूस आखूड ठेवायचं नाही. माझं 50 मिमी लांब, 18 मिमी जाड होतं, आणि पायातलं भोक कडेपासून 16 मिमी आत.

क्रम असा. आधी खाचेत टाकाऊ फळी घट्ट बसवून पायाला आरपार 10 मिमीचं भोक पाडलं. फळीमुळे आतल्या कडा फुटत नाहीत. मग फळी काढून कूस शेवटपर्यंत आत दाबलं आणि तेच टोकदार बिट भोकातून घालून कुसावर टोचा उमटवला. कूस बाहेर काढून, टोच्यापासून 1.5 मिमी खांद्याच्या बाजूला नवी खूण केली आणि तिथे भोक पाडलं. खांद्याच्या उलट बाजूला सरकवलं तर मेख सांधा उघडेल, म्हणून मी प्रत्येक कुसावर पेन्सिलीने बाण काढून ठेवले होते.

मेखांसाठी माणगा घेतला. आपल्याकडचा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे 10 मिमीची मेख सहज निघते. कोवळी काठी नको, तीन-चार वर्षांची जून हवी, आणि तीही बुडाकडची. अमावस्येच्या सुमाराला तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. मी तिथी पाहिली नाही. काठ्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्या. पाण्यात पिठूळ अंश निघून जातो, आणि भुंगा येतो तो त्यासाठीच. नंतर चुलीच्या वरच्या माळ्यावर खडखडीत वाळवल्या. मेख करवतीने कापायची नाही, कोयत्याने चिरायची. करवत धागे तोडते, चिरलेल्या मेखेत ते टोकापर्यंत सलग राहतात, आणि वाकूनही न मोडण्याचं बळ त्यातच आहे. सालीकडचा भाग चिवट, गाभ्याकडचा मऊ, म्हणून सालीलगतच्या चिरफळ्या निवडल्या. लेथवाल्याकडून पोलादी पट्टीला 10 मिमीचं भोक पाडून आणलं होतं. त्यातून ठोकत नेल्या की गोल होतात. टोक मात्र पटाशीने चांगलं लांब निमुळतं केलं, कारण सरकलेल्या भोकातून वाट काढायची असते ती त्याला.

बाकड्याला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर एक सांधा करून तो उभा चिरून पाहिला. मेख इंग्रजी एस अक्षरासारखी हलकी वळली होती, धागा एकही तुटलेला नव्हता. पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही, निदान माझा तरी बसला नसता.

खरं ठोकणं मग फार पटकन झालं. मेखेला मेण चोळलं आणि लाकडी हातोडा घेतला. सुरुवातीला पोकळ आवाज येतो, पुढे तो भरीव होतो आणि खांद्याजवळची कागदाएवढी फट डोळ्यांदेखत मिटते. मागून बाहेर आलेलं निमुळतं टोक आणि पुढचा उरलेला भाग कापून सपाट केला.

पावसाळा गेला, खांदे मिटलेलेच आहेत. पुढे एखादा पाय बदलायचा झाला तर मेख ड्रिलने कोरून काढायची आणि नवी ठोकायची, बाकी बाकडं शाबूत. प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या कामात मात्र या वाटेला जाऊ नये. मेख ओढते ती सलग उभ्या धाग्यांच्या बळावर. एमडीएफमध्ये तो धागाच नसतो आणि प्लायचे आडवेउभे थर भोकाशी उकलतात.